बैलांच्या आधी पाणी

चैत्र अर्धा सरला होता. हळदीची खेप वसमतला घालून मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो, तर बायको दारातच उभी. बैलांच्या मानेवरचं जू उतरवायच्या आधीच ती म्हणाली, "अवो, मामंजीनं आज मला आत्याबाईच्या नावानं हाक मारली."

तिची आत्याबाई म्हणजे माझी आई. तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

"चुकून मारली असंल," मी म्हणालो.

"एकदा चुकून. ही तिसरी बारी हाय. अन् मी व्हय म्हणलं तवाच गप बसले."

आबा लिंबाखाली बाजेवर बसले होते. बाजेशेजारी आमची दगडी डोण, म्हणजे जनावरांना पाणी पाजायचं कुंड, आणि डोणीपलीकडे गोठा. मी जवळ गेलो तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे बैलांकडे पाहिलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "बैलं पेले का?"

"आता पाजतो," मी म्हणालो. आडातून पोहरे काढून डोण भरली. बैलांनी तोंड घातलं, पोट भरेपर्यंत प्याले, नाकातोंडातून पाणी गाळत माना वर केल्या. मग आबांनी तांब्या मागितला आणि एका दमात रिकामा केला. दुसरा मागितला, तोही संपवला. हे मी रोज पाहत होतो. जन्मभर शेती केलेला माणूस आधी बैलांचं विचारतो, त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

शेजारीपाजारी म्हणू लागले, वय झालं. मला ते पटेना. वय काही एका महिन्यात होत नाही. मागच्या दिवाळीतही त्यांनी सत्तरी ओलांडलेलीच होती, तेव्हा ते काठी न घेता शेतापर्यंत जात होते आणि कोणत्या काकरीला तूर विरळ उगवली ते मला घरी बसून सांगत होते. पौषात दोन्ही गुडघे धरले, तेव्हापासून ते बाजेवर आले, एवढाच फरक. गुडघे धरल्याने माणूस सुनेला बायको समजत नाही.

पुढच्या दिवसांत मी जवळून पाहू लागलो आणि जे दिसलं त्याने माझी झोप कमी झाली. ओठांना चिरा पडल्या होत्या. बोलताना जीभ टाळूला चिकटत होती, तिचा टचटच आवाज येई. कुडाच्या आडोशाला लघवीला बसले की कितीतरी वेळ बसून राहत, आणि होई ती थोडी, हळद शिजवून झाल्यावर कढईच्या तळाला पाणी राहतं तशा गडद रंगाची. पायाला गोळे येत. मी विचारलं की म्हणत, "उन्हाळा हाय."

उन्हाळा आहे तर पाणी पाहिजे, एवढं मलाही कळत होतं. मी बायकोला सांगितलं, सकाळी भांडी घासायच्या आधी बाजेजवळ भरला तांब्या ठेवायचा, रिकामा झाला की पुन्हा भरायचा. आमचा पितळी तांब्या मोठा, त्यात चांगलं शेर-सव्वा शेर पाणी मावतं. तिने ठेवला. दुपारी पाहावं तर तांब्या रिकामा. तिने पुन्हा भरला, दिवस मावळायच्या आत पुन्हा रिकामा. मी मनात हिशेब केला. हे दोन तांबे, शिवाय भाकरीबरोबरचं घोट-दोन घोट ताक-पाणी. त्या वयाच्या, बसून असलेल्या माणसाला पुरेसं व्हायला हवं. हिशेब बरोबर येत होता आणि आबा वाळत चालले होते.

एका सकाळी ते बाजेवरून उठले आणि त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पडले नाहीत, डोणीच्या काठावर बसले. पण काठावर बसताना हात पाण्यात बुडाला आणि तो बाहेर काढायचं त्यांना सुचलं नाही. तसेच बसून राहिले, कोपरापर्यंत बाही भिजलेली. मी पाहिलं आणि ठरवलं, पुढच्या खेपेला यांना वसमतला हकिमाकडे न्यायचं.

हळदीच्या पोत्यांवर गोधडी अंथरली, वर घोंगडीची सावली बांधली आणि आबांना बसवलं. बायको भीत होती. एवढ्या उन्हात, एवढ्या हादऱ्यांत म्हाताऱ्या माणसाला नेऊ नये असं ती दोनदा म्हणाली, आणि तिचं चूक नव्हतं. मीही सारखा मागे वळून पाहत होतो. आमच्यामागे तांड्यावरच्या एका गाडीवानाची गाडी होती. त्याला मी सांगून ठेवलं होतं, म्हातारा कलंडला तर ओरड.

दुपारी ओढ्यावर गाड्या सोडल्या. बैल पाण्यात उतरले, पाणी प्याले, आणि आबा म्हणाले, "मला बी उतरव." मी आधार देऊन उतरवलं. ओंजळीने प्याले, डोक्यावर घेतलं, पुन्हा प्याले. घटकाभर सावलीत बसले आणि मग पलीकडच्या रानाकडे बोट करून म्हणाले, "ह्या रानात पानभरी हाय, वरच पाणी लागंल. पाह्य, हरळी कशी माजली." बांधावरची हरळी मलाही दिसली नव्हती.

गाडीवान हसून म्हणाला, "आबा तं सासुरवाडीला निघाल्यागत खुशीत हायत."

"सासुरवाडीला इतकी धूळ खात कोण जातं बे," आबा म्हणाले.

महिनाभरात मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं, आणि लगेच कोड्यातही पडलो. ज्या माणसाला मी आजारी म्हणून हकिमाकडे चाललो होतो, तो वाटेतच निम्मा बरा झाला होता.

हकीम वयस्कर होते, फार बोलत नसत. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, मग आबांच्या हाताच्या मागची कातडी चिमटीत उचलून सोडली. कातडी उचललेलीच राहिली, हळूहळू खाली गेली. तेच त्यांनी माझ्या हाताला केलं. माझी लगेच बसली.

"पाहिलं?" ते मला म्हणाले. "बदनात पानी कम आहे. दवा देतो, पर असली दवा पानीच. म्हाताऱ्या माणसाला प्यास बराबर कळत नाही. प्यास लागायची वाट पाहायची नाही. थोडं थोडं, दिवसभर द्यायचं."

"आज ओढ्यावर भरपूर प्याले, हकीमसाब. घरी बी रोज दोन तांबे रिकामे होतात."

"तांबे रिकामे होतात," हकीम म्हणाले, "पर भरतं काय?"

मला वाटलं, त्यांचं माझ्या बोलण्याकडे नीट लक्ष नाही. मी दवा घेतली आणि निघालो. येतानाही आबा ओढ्यावर उतरले, आणि घरी पोचले ते सुनेला तिच्याच नावाने हाक मारत.

चार दिवस बैल घरीच होते. आबा ठीक होते. मग मी पुढची खेप घेऊन गेलो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आलो, आणि पुन्हा तेच. तीच कोरडी जीभ, तोच टचटच आवाज, आणि डोळे माझ्यावर असूनही मी कोण हे ठरवायला त्यांना वेळ लागत होता. दवा वेळच्या वेळी दिली होती. तांबे रिकामे झाले होते.

"मामंजीला गाडीतच ठेवा," बायको म्हणाली. "गाडीत शहाणे राहतात. घरी आले का बिघडतात. माझाच पायगुण म्हणायचा."

ती थट्टेने म्हणाली, पण तिचा आवाज थट्टेचा नव्हता. दिवसभर ती एकटी त्यांच्याजवळ असे. काही झालं असतं तर लोकांनी तिलाच विचारलं असतं.

मी पडून विचार करत होतो. गाडीत ऊन जास्त, झोप कमी, हादरे. घरी सावली, विश्रांती, दवा, तांब्याभर पाणी हाताशी. गाडीत बिघडायला पाहिजे आणि घरी सुधारायला पाहिजे. उलट होत होतं. जमा-खर्चाची बेरीज एकच येत नसेल तर कुठेतरी एक रक्कम चुकीची मांडलेली असते, हे मला माहीत होतं. कोणती, ते सापडत नव्हतं.

ती सापडली गाडीच्या चाकामुळे. एक आरा फुटला म्हणून मी त्या दिवशी घरी राहिलो. बैल सकाळीच आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, सावलीला नेऊन बांधले होते. मी गाडीच्या आड बसून चाक उतरवत होतो. ऊन तापलं तसे आबा उठून बसले. त्यांनी तांब्या उचलला. मी मनात म्हटलं, पितात. आबा वाकले आणि तांब्यातलं सगळं पाणी सावकाश डोणीत ओतलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत तांब्या उपडा धरला. मग तो होता तिथे ठेवला आणि पुन्हा आडवे झाले.

मी हातातला हातोडा खाली ठेवला.

"आबा, पाणी डोणीत काहून ओतलं?"

"बैलं आल्यावर पितील."

"डोण मी भरीन की. तुमी पेले का?"

"बैलं कुठं पेले अजून?"

आज कोणता वार आहे हे सांगावं तसं ते बोलले. मी बाजेच्या कडेला बसलो. मग एकेक विचारत गेलो आणि ते, मला एवढंही माहीत नाही याचं नवल करत, सांगत गेले. त्यांच्या वडिलांनी औत हातात दिलं त्या दिवशी पहिली गोष्ट सांगितली होती ती ही, की जनावर दावणीला बांधलेलं असतं, त्याला मागता येत नाही; म्हणून ते प्यायल्याशिवाय धन्याने प्यायचं नाही. भाकरीचा घास उतरावा म्हणून घोटभर चालतं, तेवढंच. आबांनी जन्मभर ते पाळलं होतं. त्यात कधी अडचण आली नव्हती, कारण बैल जिथे तिथे आबा. सकाळी आडावर, दुपारी ओढ्यावर, संध्याकाळी पुन्हा आडावर, बैल जितक्या वेळा पाणी प्याले तितक्या वेळा आबाही प्याले. आता बैल माझ्याबरोबर वसमतच्या वाटेला आणि आबा बाजेवर. मी दोन दिवस गेलो की ते दोन दिवस, वैशाखाच्या तोंडाशी, घासापुरत्या घोटावर राहत होते.

"अवो आबा, ते वाटेत पितात. ओढ्यावर मी सोडतोच ना."

"सोडत असशील."

"असशील म्हंजे? तुमी सोता पाह्यलं की परवा."

"परवाचं पाह्यलं. आजचं कुठं पाह्यलं?"

मला राग आला, आणि रागाखाली भीती होती. खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यात मला खोट काढता येत नव्हती. न पाहिलेली गोष्ट झाली म्हणून मांडायची नाही, ही सवय मला त्यांच्याकडूनच लागली होती.

बायकोने सरळ मार्ग सुचवला. "मी दुपारी सांगत जाईन, बैलं पेले म्हणून."

"खोटं?"

"मंग खऱ्यानं मरू द्यायचं का?"

पुढच्या खेपेला तिने ते करून पाहिलं. मी परत आल्यावर तिने सांगितलं. दुपारी ती म्हणाली, "मामंजी, बैलं पेले." आबांनी विचारलं, "तू पाह्यलं?" तिच्या तोंडून होय निघेना. आबा म्हणाले, "माय, राहू दे," आणि तोंड फिरवून पडून राहिले. त्या दिवशी त्यांनी भाकरीबरोबरचाही घोट घेतला नाही.

हकीम म्हणाले होते, थोडं थोडं, दिवसभर. माझ्या डोळ्यांपुढे ती चिमटीत उचललेली कातडी येई. हळदीच्या खेपा अजून महिनाभर होत्या, दुसरा गाडीवान मिळत नव्हता, आणि प्रत्येक वेळी आबांना गाडीत घालणं शक्य नव्हतं. मागच्या वेळी एका खाचेत गाडी अशी आदळली होती की ते पोत्यांवरून घसरता घसरता राहिले होते. परतीच्या वाटेवर, घराजवळ आलो की मी बैलांना उगाच दामटवू लागलो होतो.

आखाड्यावर आमचा एक म्हातारा बैल होता. दोन वर्षांपूर्वी मी त्याला औतातून काढला होता. कडब्याच्या गंजीचा मी हिशेब केला होता. कडबा दोन बैलांना मृग लागेपर्यंत पुरत होता, तिघांना नाही. म्हणून म्हाताऱ्याला जवळा बाजारला विकायला न्यायचं ठरवलं होतं. आबांना मी बोललो नव्हतो, पण त्यांना ते कळलेलं असावं, कारण ते त्याचं नाव काढत नसत.

त्या खेपेवरून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आखाड्यावर गेलो आणि म्हाताऱ्याला घरी आणला. लिंबाखाली, डोणीला तोंड पोचेल असा, आबांच्या बाजेपासून दोन हातांवर बांधला. आबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"ह्याला काहून आणलं?"

"तिकडं एकटा हाय. मी नसलो का पाणी पाजायला शेजाऱ्याला सांगावं लागतं."

"कडबा?"

"तुरीचं भुसकट मिसळू. भागवू."

आबांनी वाकून डोणीतलं पाणी हाताने ढवळलं, त्यातला लिंबाचा पाला काढून टाकला. आणि मग मी लहानपणापासून ऐकलेला, पण गेल्या कित्येक महिन्यांत न ऐकलेला आवाज त्यांनी काढायचा प्रयत्न केला. आमच्याकडे बैल पाणी पिताना धनी शीळ घालतो, लांब, सावकाश, एकाच सुरात. बैल त्या शिळेवर पीत राहतो. आबांची शीळ आडावर सुरू झाली की आई घरातून ओळखत असे. त्या दिवशी ती शीळ आली नाही, नुसता वारा आला. पण बैल तहानलेला होता, शिळेवाचूनच प्याला. डोळ्यांदेखत जनावर प्यालं, तेवढं आबांना पुरलं; मग ते प्याले.

आठवडाभर सगळं बरं चाललं. मी वसमतला जाऊन आलो तर बायको म्हणाली, "बैल तीनदा पेला, मामंजी तीनदा." तिने हाक मारल्याबरोबर आबा ओ देत होते. तरीही मी निश्चिंत झालो नाही. पूर्वी माझी काळजी एका म्हाताऱ्याची होती, आता दोघांची झाली. एकाचा जीव दुसऱ्याच्या घशाला बांधून मी गाडी जुंपत होतो. म्हाताऱ्या बैलाने एखाद्या दिवशी पाणी सोडलं तर?

तो दिवस आलाच. सुदैवाने मी घरी होतो, बैलजोडी आखाड्यावर बांधलेली होती. सकाळपासून आभाळ कोंदलं होतं, वारा नव्हता. बैलाने सकाळी डोणीला तोंड लावलं नाही. दुपारीही लावलं नाही. डोणीवर मान धरून नुसता उभा राहिला. आबा बाजेवर बसून त्याच्याकडे पाहत होते. तांब्या भरलेला शेजारी. सकाळपासून त्यांच्या पोटात पाणी नव्हतं.

बायको दारातून बाहेर निघाली. मी तिला हात करून थांबवलं. का थांबवलं ते सांगता येणार नाही. आपण काही बोललो तर ते तोंड फिरवतील एवढीच भीती होती.

आबांनी बैलाच्या गळ्यावर हात फिरवला. "पी रे," म्हणाले. ओठ जुळवले. शीळ नाही. पुन्हा जुळवले, फुंकले. चिरा पडलेल्या ओठांतून फसफस हवा गेली. बैलाचा कान हलला, एवढंच. आबांनी डोणीत बोटं बुडवून ओठांना लावली आणि पुन्हा फुंकलं. दात नाहीत, जीभ कोरडी, शीळ येणार कुठून. त्यांनी बैलाकडे पाहिलं, मग तांब्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. 

आबांनी तांब्या उचलला आणि घोट घेतला. मला वाटलं, चूळ भरून थुंकतील. पण गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. मग ओठ जुळवले. बारीक, तुटकी, पण शीळ आली. तीन-चार श्वास टिकली आणि पुन्हा हवा झाली. आबांनी दुसरा घोट घेतला. पुन्हा शीळ. आता ती थोडी लांबली. बैलाने मान खाली केली, पाण्याचा वास घेतला, मान वर केली. आबांनी तिसरा घोट घेतला. असं किती वेळ चाललं ते मी मोजलं नाही. शेवटी बैलाने तोंड घातलं आणि संथपणे ओढू लागला, आणि आबा शीळ घालत राहिले. तोंड सुकलं की घोट, मग पुन्हा शीळ.

बैलाने मान वर केली तेव्हा बायको पुढे झाली. तांब्या हातात घेऊन तिने तो हलवून पाहिला. तळाला थोडं पाणी होतं.

"मामंजी," ती म्हणाली, "आज आधी कोण पेलं?"

"बैल पेला."

"अन् तुमी?"

"मी कुठं पेलो? तोंड ओलं केलं. कोरड्या तोंडानं शीळ येती का?"

"न्हाई येत," ती म्हणाली.

तिने तांब्या भरून आणला आणि जागेवर ठेवला. मी गाडीकडे वळलो, वंगणाचा डबा उगाच हातात घेतला. दुसऱ्या दिवशी मला खेप घेऊन निघायचं होतं.

निघालो तेव्हा ऊन वर आलं होतं. गाडी गल्लीच्या वळणाला पोचली तेव्हा मागून आबांचा आवाज आला, "माय, बैल पेला का?"

आणि तिचा, "उभा हाय, मामंजी. पिऊन न्हाई राहिला. शीळ घाला."

मी बैल थांबवले. तांब्या डोणीच्या दगडावर ठेवल्याचा आवाज होईपर्यंत थांबलो, आणि त्यामागून शीळ येईपर्यंत.